अर्नाळा किल्ला

महाराष्ट्र राज्याच्या पालघर जिल्ह्यातील (१ ऑगस्ट २०१४ पूर्वी ठाणे जिल्हा) वसई तालुक्यातील एक बेट व त्यावर वसलेले मच्छीमारांचे लहान गाव. ते १९° २८' उ. अक्षांश व ७२° ४४' पू. रेखांश यांच्या आसपास, वैतरणा नदीच्या मुखाशी, अर्नाळा गावाच्या किनाऱ्यापासून एक किमी.हून कमी अंतरावर अरबी समुद्रात आहे. बेटावरील जलदुर्गावरून वस्तीलाही ‘किल्ला’ असेच म्हटले जाते. किनाऱ्यावरील गाव ते अर्नाळा आणि बेटावरील गाव ते अर्नाळा किल्ला; दोहोंच्या ग्रामपंचायती स्वतंत्र आहेत. पश्चिम रेल्वेचे विरार स्थानक अर्नाळ्याच्या पूर्वेस सु. १० किमी. असून तेथून आगाशीमार्गे अर्नाळ्यापर्यंत पक्की सडक आहे. अर्नाळा येथे राज्य परिवहन मंडळाचे आगार आहे. तेथून पुढे बेटावर जाण्यास होडी हेच साधन आहे.

भूवर्णन : बेट सखल व मुख्यतः वाळूचे असून त्याच्या किनाऱ्यालगत काही भागांत खडक आढळतात. वैतरणा नदी नासिक जिल्ह्यातील त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते आणि तानसा इ. उपनद्यांचे पाणी घेऊन येथे समुद्रास मिळते. मुखाच्या दक्षिण अंगास अर्नाळा, तर उत्तर अंगास पालघर तालुक्यातील दातिवरे आहे. नदीने आणलेली वाळू व गाळ आणि समुद्राच्या भरती-ओहोटीचे प्रवाह यांच्या परस्परक्रियेतून येथील पुळणी, वाळूचे दांडे व उथळ जागा निर्माण झाल्या असून त्यांची रूपे ऋतुमानाप्रमाणे पालटत असतात. दिवसातून दोनदा भरती येते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या भरतीस उधाण, तर अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरतीस भांग म्हणतात. होड्यांची ये-जा, जाळी लावण्याच्या व काढण्याच्या वेळा आणि एकंदर गावाचा दिनक्रम यांवर ठरतो. पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो व त्याचे वार्षिक प्रमाण सु. २०० सेंमी. किंवा त्याहून अधिक असते. वाळूत मुरलेले पावसाचे गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते. त्यामुळे चहूबाजूंनी समुद्र असूनही बेटावर, विशेषतः किल्ल्याच्या आत, गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. या पाण्याचा साठा मर्यादित असून उपसा वाढल्यास वा उधाणाचे पाणी आत शिरल्यास ते मचूळ होते.

इतिहास : बेटाचे महत्त्व त्याच्या स्थानामुळे आहे. त्याच्या आग्नेयीस काही किमी.वर असलेले सोपारा (प्राचीन शूर्पारक) हे प्राचीन काळी पश्चिम किनाऱ्यावरील प्रमुख बंदर होते. तेथे अशोकाच्या शिलालेखांचे अवशेष सापडले असून १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. अर्नाळ्याजवळील आगाशी हेही मध्ययुगात जहाजबांधणी व व्यापार यांबद्दल प्रसिद्ध होते. या बंदरांकडे आणि वैतरणेच्या खाडीत जाणारी गलबते अर्नाळ्यावरून दिसत, त्यामुळे या भागावर सत्ता गाजविणाऱ्यांस बेट ताब्यात असणे आवश्यक वाटे.

गुजरातच्या सुलतानांच्या अमलात, १५१६ च्या सुमारास, येथे गढी बांधण्यात आली असे मानतात. १५३४ मध्ये सुलतान बहादुरशाहाने वसई व तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगीजांस दिल्यानंतर बेटही त्यांच्याकडे गेले. पोर्तुगीज त्यास ‘इल्हा दास व्हाकास’ म्हणजे ‘गायींचे बेट’ म्हणत. त्यांनी येथे नव्याने बांधकाम सुरू केले, तथापि ते पूर्णत्वास गेले नाही. १७३७ मध्ये मराठ्यांनी वसई मोहिमेस प्रारंभ केला, त्यावेळी मार्चअखेरीस अर्नाळा त्यांच्या हाती आला. मोहिमेच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची होती. कारण तीमुळे वसईच्या उत्तरेकडील जलमार्गावर मराठ्यांना लक्ष ठेवता येऊ लागले. पहिल्या बाजीरावाच्या आज्ञेने येथील किल्ला नव्याने बांधण्यात आला. महाद्वारावरील मराठी शिलालेखात बाजीराव व शंकर (शंकराजी केशव फडके) यांचे उल्लेख आहेत. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पाच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई जिंकली आणि हा सर्व प्रदेश मराठी अमलाखाली आला. पहिल्या इंग्रज-मराठे युद्धात जनरल गॉडर्डने वसईपाठोपाठ जानेवारी १७८१ मध्ये अर्नाळा घेतला. पण सालबाईच्या तहाने (१७८२) तो मराठ्यांस परत मिळाला. तिसऱ्या इंग्रज-मराठे युद्धाच्या वेळी, १८१७ मध्ये, तो कायमचा इंग्रजांकडे गेला. त्यानंतर त्याचे लष्करी महत्त्व संपले. शिबंदी गेली, परंतु मच्छीमारांची वस्ती राहिली.

किल्ला : किल्ल्याची रचना साधारणतः चौकोनी असून उंच व अभंग तटास दहा बुरूज आहेत. महाद्वार उत्तराभिमुख असून त्यावर हत्ती व वाघ यांची शिल्पे कोरलेली आहेत. तटावरून किल्ल्याभोवती फिरता येते व तेथून वैतरणेचे मुख आणि समोरचा किनारा दृष्टिपथात येतो. आत त्र्यंबकेश्वर महादेव व भवानी यांची मंदिरे असून महादेवाच्या मंदिरासमोर अष्टकोनी तळे आहे. पिरांची स्थानेही आहेत. किल्ल्याच्या वाटेवर कालिकामातेचे मंदिर असून ती मच्छीमारांची श्रद्धास्थान आहे. मुख्य किल्ल्यापासून काही अंतरावर, बेटाच्या दक्षिण भागात, एक एकाकी गोल बुरूज आहे. तो टेहळणीसाठी बांधलेला असावा. किल्ल्याच्या आतील मोकळ्या जमिनीवर, तेथील विहिरींच्या पाण्यावर, ग्रामस्थ भाजीपाल्याची लागवड करतात. किल्ला केंद्र शासनाच्या पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षित स्मारकांत मोडतो.

लोक व वस्ती : घरे मुख्यतः तटाबाहेर असून ती परस्परांस लागून आहेत. गल्ल्या अरुंद असून मोटारींची वाहतूक नाही. अर्नाळा परिसरातील मच्छीमारांत प्रामुख्याने मांगेला व वैती समाजांचे लोक आहेत. त्यांच्या बोली मराठीच्याच असल्या, तरी उच्चार, क्रियापदांची रूपे आणि वारा, पाणी, होडी, जाळी यांविषयीचा शब्दसंग्रह यांबाबतींत त्या प्रमाण मराठीहून वेगळ्या आहेत. किनाऱ्याच्या आतील आगाशी, वाघोली, निर्मळ, नंदाखाल इ. गावांतील वाडवळ, सामवेदी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती इ. समाज बागायतीवर जगत आले. त्यांची केळी, पानवेली, फुले व भाजी आणि किनाऱ्यावरची मासळी यांचा विनिमय हे वसई तालुक्याच्या अर्थकारणाचे जुने वैशिष्ट्य होय. राजेळी केळी सोलून व उन्हात वाळवून केलेली सुकेळी या भागाची खासियत आहे.

होळी, गौरी-गणपती व नारळी पौर्णिमा हे गावातील मोठे सण होत. पूर्वी नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण केल्यानंतरच होड्या खोल समुद्रात जात. हल्ली पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांच्या मासेमारीस कायद्याने बंदी असते. पुष्कळदा नारळी पौर्णिमा बंदी उठल्यानंतर काही दिवसांनी येते. त्यामुळे परंपरेचा मुहूर्त पाळावा की कायद्याने मोकळीक मिळताच निघावे, हा प्रश्न किनाऱ्यावरील गावांपुढे असतो. माशांच्या विणीच्या काळास संरक्षण देणे, हा परंपरेचा परिणाम आणि कायद्याचा हेतू मात्र एकच आहे.

व्यवसाय : मासेमारी हा गावाचा प्रमुख व्यवसाय होय. तीत डोल जाळ्याचा उपयोग महत्त्वाचा आहे. डोल हे शंकूच्या आकाराचे, पिशवीसारखे लांब जाळे असते. समुद्रतळाशी ठोकलेल्या लाकडी खुंटांस बांधून त्याचे तोंड प्रवाहासमोर उघडे ठेवतात. भरती किंवा ओहोटीच्या वेगाने पाण्याबरोबर मासळी आत शिरते व टोकाच्या बारीक जाळीत साचते. प्रवाह मंदावताच जाळे वर घेतात. म्हणजे या पद्धतीत होडी मासळीमागे धावत नाही, प्रवाहच मासळी आणून देतो. म्हणून ती नदीमुखाजवळील वेगवान प्रवाहांच्या प्रदेशात विशेष रूढ झाली. डोलीत बोंबील, मांदेली, वाकटी, करंदी व जवळा ही मासळी मिळते. पापलेट, घोळ, दाढा, सुरमई इ. मोठ्या व मोलवान मासळीसाठी कल्ल्यांत अडकविणारी जाळी वापरतात. पापलेट हा २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून घोषित झाला असून त्याची पिल्ले पकडली जाऊ नयेत यासाठी जाळ्यांच्या आसांच्या आकारावर निर्बंध घालण्याकडे त्यानंतर अधिक लक्ष देण्यात येऊ लागले आहे.

बोंबलाच्या अंगात पाण्याचे प्रमाण फार असल्याने तो लवकर नासतो. त्यामुळे तो सुकविणे हा मासेमारीला जोडलेला आवश्यक व्यवसाय ठरतो. पावसाळा संपल्यावर पुळणीवर बांबूंचे मांडव (वलांडी) उभारतात व दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते दोरीवर टांगतात. उन व वारा यांनी ते काही दिवसांत खडखडीत होतात. जवळा, करंदी व मांदेली जमिनीवर पसरून वाळवितात. मासळी निवडणे, सुकविणे, लिलावात घेणे आणि पाट्यांतून आगाशी, विरार व मुंबईच्या बाजारांत नेऊन विकणे ही कामे स्त्रियांची असून घरचा आर्थिक व्यवहार बव्हंशी त्यांच्याच हाती असतो. सुकविण्यासाठी मोकळी पुळण लागते. ती कमी झाल्यास घराइतकेच उत्पन्नाचेही नुकसान होते.

शिडाच्या होड्यांस यंत्रे बसविण्यास १९५० नंतरच्या दशकांत सुरुवात झाली. सुती व तागाच्या जाळ्यांची जागा नायलॉनने घेतली आणि बर्फामुळे ताजी मासळी दूरच्या बाजारपेठांत पाठविता येऊ लागली. त्यायोगे उत्पन्न वाढले. पण इंधन, बर्फ व जाळी यांचा खर्च आणि मोठ्या नौकांची स्पर्धा हीही वाढली. जिल्ह्याच्या उत्तर भागातील वाढवण येथील नियोजित बंदरास केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मान्यता दिली. त्याचा मासेमारी क्षेत्रांवर काय परिणाम होईल, याविषयी किनाऱ्यावरील मच्छीमारांत चिंता व विरोध आहे.

किनाऱ्याची धूप : बेटापुढील सर्वांत गंभीर प्रश्न जमिनीच्या धुपेचा आहे. पावसाळी उधाणांत लाटा वस्तीपर्यंत येतात, घरांत पाणी शिरते व कडेच्या घरांखालची वाळू वाहून जाते. समोरच्या अर्नाळा, कळंब व भुईगाव येथील पुळणींवरही सुरूची झाडे मुळांसकट उन्मळून पडली आहेत. वालुकामय किनारा टिकून राहण्यासाठी लाटांनी नेलेल्या वाळूची नदीच्या व किनारी प्रवाहांच्या योगे भरपाई व्हावी लागते. मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी वैतरणा व तानसा यांवर बांधलेल्या धरणांत (तानसा १८९२, मोडकसागर १९५७, मध्य वैतरणा २०१४) पाण्याबरोबर गाळही अडतो. खाडीतून बांधकामासाठी रेतीचा उपसाही झाला आहे. समुद्रपातळीत होणारी वाढ व चक्री वादळे यांची त्यात भर पडते. यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, हे स्थलपरत्वे बदलते. परंतु नदीमुखाशी वाळूची आवक घटल्यास बेटासारख्या सखल जागेला त्याची झळ प्रथम पोहोचते.

उपाय म्हणून काही ठिकाणी दगडी धूपप्रतिबंधक बंधारे बांधलेले आहेत. अशा बंधाऱ्याने त्यामागील घरे वाचतात. मात्र त्याच्या टोकापाशी लाटांचा मारा वाढून धूप पुढे सरकण्याचा संभव असतो. इंडोनेशियात मध्य जावातील देमाक भागातील किनारी गावे समुद्राने गिळल्यावर तेथे बांबू व झुडपे यांचे पाझरते बांध घालून गाळ धरण्याचे व त्यावर कांदळवन वाढविण्याचे प्रयोग झाले. जमीन खचत असलेल्या जागी त्यांना मर्यादितच यश आले. शिवाय तो किनारा चिखलाचा, तर अर्नाळ्याचा मुख्यतः वाळूचा व लाटांच्या थेट माऱ्याचा आहे. त्यामुळे तेथील उपाय येथे जसाच्या तसा लागू पडणारा नाही. गाळ धरून ठेवण्याचे तत्त्व मात्र दोन्हीकडे सारखेच आहे.

मागे हटून नवी घरे बांधण्यासही बेटावर फारसा वाव नाही. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस संरक्षित स्मारक व त्याभोवतीचे बांधकामावरील निर्बंध, शिवाय १९९१ पासून लागू असलेले किनारा नियमन क्षेत्राचे नियम, यांमध्ये वस्ती अडकली आहे. किल्ल्याच्या तटास कायद्याचे संरक्षण आहे. गावाच्या कडेच्या वाळूला ते तितक्या स्पष्टपणे मिळालेले नाही.

प्रशासन व सद्यःस्थिती : वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या नगर परिषदा आणि सभोवतालची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. अर्नाळा व अर्नाळा किल्ला ही गावे तीबाहेर राहिली. विरारच्या वाढत्या नगरापासून जवळ असूनही बेटाचे स्वरूप त्यामुळे ग्रामीण राहिले आहे. पुढील शिक्षण, रुग्णालय, बँक व मोठा बाजार यांसाठी लोकांस किनाऱ्यावर जावे लागते. रुग्ण किंवा गर्भवती स्त्रीस रात्री किंवा वादळी हवेत नेणे हे भरती-ओहोटीवर अवलंबून असते. सुट्यांच्या दिवशी किल्ला पाहण्यास येणाऱ्या प्रवाशांमुळे होडीवाल्यांस पूरक उत्पन्न मिळते.

अर्नाळा हे नाव भारतीय नौदलानेही जतन केले आहे. या नावाची एक युद्धनौका १९७२ ते १९९९ या काळात नौदलाच्या सेवेत होती. उथळ पाण्यात पाणबुड्यांचा शोध घेणारी नवी ‘अर्नाळा’ १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टनम् येथे नौदलात दाखल झाली.