‘कॉमन टाइम’ : एका चिन्हाचा अर्थ

कर्जत-खालापूरकडील लग्नाच्या वरातीत बँडवर एखादी चाल वाजू लागली, म्हणजे जाणता श्रोता तिचा ताल ‘केरवा’ असा सांगतो. तीच चाल पाश्चात्त्य पद्धतीने लिहिली असता ओळीच्या आरंभी बहुधा ४/४ हे अंक, किंवा रोमन ‘सी’सारखे एक चिन्ह आढळते. इंग्रजीत त्यास ‘कॉमन टाइम’ म्हणतात. मराठीत ‘सामान्य काल’ असे त्याचे शब्दशः भाषांतर केल्यास दोन गैरसमज उद्भवतात.

पहिला गैरसमज चिन्हाविषयीचा. हा ‘सी’ म्हणजे ‘कॉमन’ शब्दाचे आद्याक्षर नव्हे. ते अपुरे वर्तुळ होय. मध्ययुगीन युरोपीय स्वरलेखनात ‘ब्रेव्ह’ नावाच्या स्वरमूल्याचे तीन भाग करावयाचे असल्यास पूर्ण वर्तुळ, व दोन करावयाचे असल्यास अपुरे वर्तुळ काढीत. तीन ही संख्या ख्रिस्ती त्रैक्यामुळे पूर्ण मानली जाई, दोन ही अपूर्ण. पुढे मूळ संकेत विस्मृतीत गेला आणि लोकांस त्या आकृतीत अक्षर दिसू लागले. शब्दांच्या क्षेत्रात जिला लोकव्युत्पत्ती म्हणतात, तिचाच हा चिन्हांतील प्रकार म्हणावयास हरकत नाही. चिन्हाचा अर्थ संकेतावर अवलंबून असतो; भातखंडे-पद्धतीत तेच पूर्ण वर्तुळ ‘खाली’ दर्शविते.

दुसरा गैरसमज ‘काल’ या शब्दामुळे होतो. ४/४ वरून लय कळत नाही. वरचा अंक एका खंडात चार मात्रा आहेत एवढे सांगतो. खालचा अंक प्रत्येक मात्रेचे मूल्य पूर्ण स्वराच्या चतुर्थांशाइतके आहे, हे सांगतो. पहिल्या मात्रेवर प्रबळ आघात, तिसरीवर मध्यम. दुसरी व चौथी दुर्बळ. गती विलंबित की द्रुत, हे निराळे लिहावे लागते.

आता केरवा पाहू. त्याच्या आठ मात्रा चार-चारांच्या दोन विभागांत पडतात. पहिल्या मात्रेवर सम, पाचवीवर खाली. त्याचे एक आवर्तन ४/४ च्या दोन खंडांत सहज मांडता येते. परंतु त्या लेखनात दोन्ही खंड सारखेच दिसतात. सम कोणत्या खंडात व खाली कोणत्या, हा भेद नाहीसा होतो. केवळ कागदावरून चाल शिकणाऱ्या मुलाच्या मात्रा बरोबर येतील, पण तालाचे चक्र त्याच्या हाती लागणार नाही. म्हणून या चिन्हास ‘चतुर्मात्रिक मान’ अशी अर्थानुसारी संज्ञा योजावी, आणि आपली चाल त्या लिपीत उतरविताना समेची खूण वेगळी करावी, हे इष्ट.