रेड डेट्स म्हणजे खजूर नव्हे, बोरं! चिनी 'ताकदीच्या' पदार्थांचं वाशीच्या मसाला मार्केटमधलं गणगोत

काचेचा कप, त्यात उकळतं पाणी, चार लाल सुरकुतलेली फळं, मनुक्यांसारखे केशरी दाणे आणि आल्याची एक चकती. खाली कॅप्शन: थकवा गायब, चेहऱ्यावर तेज, केस काळे. हे रील तुमच्याही फीडमधून एकदा तरी गेलंच असणार.

त्यातल्या लाल फळांना इंग्रजीत रेड डेट्स म्हणतात. आपल्याकडे त्याचं सरळ 'लाल खजूर' असं भाषांतर होतं आणि लोक चहात खजूर टाकून मोकळे होतात. पहिला घोळ इथंच आहे. रेड डेट्सचा खजुराशी काही संबंध नाही. ती बोरं आहेत, वाळवलेली. चिनी बोर आणि आपलं बोर एकाच झिझिफस कुळातली भावंडं. तिकडचं झिझिफस जुजुबा, आपलं झिझिफस मॉरिशियाना. संक्रांतीनंतर बोरन्हाणाला लहान मुलांच्या डोक्यावरून जी ओततात, त्याचीच चुलत बहीण शांघायच्या बाईच्या कपात तरंगत असते.

आता तुम्ही म्हणाल, मग बोरं खाल्ली की ताकद येते का? त्यासाठी आधी चिनी लोक 'ताकद' कशाला म्हणतात ते बघायला हवं.

चिनी वैद्यकात शरीर चालवणारी जी शक्ती मानली जाते तिला 'ची' म्हणतात. अन्न पचून ती बनते, श्वासातून मिळते आणि कामाने खर्च होते. याशिवाय 'जिंग' नावाची आणखी एक ठेव असते. ती बऱ्याच अंशी जन्मासोबत मिळते आणि वयानुसार घटत जाते. ची म्हणजे पाकिटातले पैसे आणि जिंग म्हणजे मुदत ठेव, असं ढोबळमानाने समजा. खर्च झालेलं भरून काढण्याला त्यांच्याकडे 'बू' म्हणतात. जिनसेंग, बोरं, गोजी हे सगळे 'बू' करणारे पदार्थ. आयुर्वेदातल्या रसायन आणि बृंहण या कल्पना याच्या अगदी जवळच्या. यातलं काहीही रक्ताच्या रिपोर्टमध्ये मोजता येत नाही, ही बाब मात्र दोन्हीकडे सारखीच.

'शेननोंग बेन्साओ' नावाचा चिनी औषधांचा जुना ग्रंथ साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान काळातला मानतात. त्यात ३६५ औषधं तीन वर्गांत मांडली आहेत. वरच्या वर्गात १२०, मधल्यात १२० आणि खालच्यात १२५. वरच्या वर्गातली औषधं विषारी नाहीत, ती रोज आणि दीर्घकाळ घेतली तरी चालतात, असं त्या ग्रंथाचं म्हणणं. जिनसेंग, बोरं आणि गोजी तिथेच आहेत. पण त्याच वरच्या वर्गात हिंगूळ पण आहे. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं खनिज! 'हजारो वर्षांपासून वापरतात म्हणजे सुरक्षितच' असं कुणी ऐकवलं की हा हिंगूळ आठवायचा.

आता वाशीला येऊ. सेक्टर १९ मधल्या एपीएमसीच्या मसाला मार्केटमध्ये, मशीद बंदरहून इकडे हललेल्या घाऊक बाजारात, डिंक, खारीक, गोडंबी, मखाणा, तीळ, ज्येष्ठमध, सुंठ यांची पोती लागलेली असतात. यातल्या निम्म्या मालाचे नातेवाईक चिनी वैद्याच्या लाकडी खणांत सापडतात.

मखाण्याचंच घ्या. जिमवाल्यांनी आता डोक्यावर घेतलेला आपला मखाणा चीनमध्ये 'च्येन शी' या नावाने औषधात वापरतात. वनस्पती तीच, नाव फक्त वेगळं. आपली शतावरी आणि त्यांची 'त्येन मेन तोंग' या दोघी अ‍ॅस्परॅगस कुळातल्या. त्यांचा 'शान याओ' हा पचन सुधारून ची वाढवणारा कंद डायोस्कोरिया कुळातला. थंडीत रायगडच्या बाजूने विकायला येणारे कोनफळ आणि करांदे त्याच कुळातले. ज्येष्ठमध तर इतका लाडका की असंख्य चिनी काढ्यांमध्ये तो असतोच. 'चार सज्जनांचा काढा' नावाचा ची वाढवणारा एक प्रसिद्ध काढा आहे, त्यातला चौथा सज्जन म्हणजे ज्येष्ठमध. आलं, दालचिनी आणि काळे तीळ यांबद्दल वेगळं सांगायला नको.

आपल्या खारकेचं तिकडे फारसं कौतुक नाही. पण इथे तिचं राजकारण मात्र भारी. भारताने २ मे २०२५ पासून पाकिस्तानातून होणारी आयात बंद केली. त्यानंतर जूनमध्ये दुबईमार्गे आलेली पाकिस्तानी खारीक महसूल गुप्तचर संचालनालयाने न्हावा शेवा बंदरात पकडली. बाळंतिणीच्या लाडवातली खारीक किती वळसे घालून येते बघा.

बाळंतिणीवरून एक गोष्ट सांगायलाच हवी. चीनमध्ये बाळंतपणानंतरच्या काळाला 'महिना बसणं' म्हणतात. बाईने घराबाहेर पडायचं नाही, गार पाण्याला हात लावायचा नाही, वाऱ्यात बसायचं नाही. खायला आलं, तिळाचं तेल, बोरं, अंडी, कोंबडीचं सूप. आपल्याकडे सव्वा महिना, कानाला फडकं, शेक-शेगडी, बाळंतशेपा, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू. एकमेकींचं तोंडही न पाहिलेल्या दोन आज्या एकाच निष्कर्षाला आल्या: रक्त गेलंय, अंग गार पडलंय, तर ऊब द्या आणि पोटभर, पचेल असं खायला घाला. यात गूढ असं काही नाही. अळिवात लोह असतं, तिळात कॅल्शियम आणि तेल असतं, गुळात आणि डिंकाच्या लाडवातल्या तुपात भरपूर ऊर्जा असते. थकलेल्या बाईला कुणीतरी महिनाभर आयतं ताट देतंय, यातच अर्धी ताकद आहे असं माझं मत.

ऋतूचा हिशेबही दोघींचा एकच. चीनमध्ये 'बू' करायचा काळ म्हणजे थंडी, आणि डिंकाचे लाडूही थंडीतच वळायचे. दोघींचा आणखी एक नियम रील्समध्ये कधीच नसतो. ताप आहे, सर्दी भरली आहे, पोट बिघडलं आहे, तेव्हा ताकदीचं काही द्यायचं नाही. घरात चोर शिरलेला असताना दारं लावून घेतली तर चोर आतच अडकतो, असं चिनी वैद्य समजावतात. आपली आजी चोराची गोष्ट सांगत नाही, ती डबा माळ्यावर ठेवून देते.

म्हणजे बोरं, मखाणा, तीळ, कंद हे मुळात अन्नच आहे. बेताने खाल्लं तर बहुतेकांना त्रास नाही. चीन सरकारने तर २००२ साली 'अन्नही आणि औषधही' अशा ८७ पदार्थांची यादीच जाहीर केली. बोरं, गोजी, आलं, शान याओ त्यात आहेत. जिनसेंग मात्र त्या यादीत नव्हतं. २०१२ साली त्याला अन्न म्हणून परवानगी मिळाली, तीही अटींसह: लागवडीचं आणि पाच वर्षांपर्यंतचंच, दिवसाला ३ ग्रॅमच्या आत. शिवाय गरोदर, स्तनदा माता आणि १४ वर्षांखालील मुलांसाठी नाही. खुद्द चीनमध्ये ही शिस्त. आपल्याकडे तीच मुळी कॅप्सूलमध्ये भरून 'नॅचरल आहे, काही होत नाही' म्हणून विकली जाते.

जिनसेंगने काहीच होत नाही असंही नाही. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या पुढाकाराने कर्करोगाच्या ३६४ रुग्णांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज २००० मिलिग्रॅम अमेरिकन जिनसेंग घेणाऱ्यांचा थकवा आठ आठवड्यांनी खोट्या गोळीवाल्यांपेक्षा कमी झालेला दिसला. चार आठवड्यांपर्यंत मात्र ठोस फरक नव्हता. म्हणजे परिणाम माफक, तोही हळू आणि ठरावीक रुग्णांमध्ये. 'तीन दिवसांत फरक बघा' हे कुठून आलं ते ज्याचं त्यालाच माहीत.

आता ज्यांनी जपायला हवं त्यांच्याबद्दल. घरात कुणी हृदयाची झडप बदललेली किंवा रक्ताची गुठळी झालेली व्यक्ती वॉरफेरिन घेत असेल तर हा परिच्छेद त्यांना फॉरवर्ड करा. अमेरिकन जिनसेंगने या गोळीचा परिणाम कमी होतो, म्हणजे गुठळीचा धोका. गोजीच्या चहाने उलट परिणाम वाढल्याच्या, म्हणजे रक्तस्रावाकडे नेणाऱ्या नोंदी आहेत. एकाच रीलमध्ये हे दोन्ही पदार्थ एका कपात असतात. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर जिनसेंगने साखर आणखी खाली जाऊ शकते. ज्येष्ठमध रोज बऱ्यापैकी प्रमाणात घेतला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. घसा बसल्यावर एक कांडी चघळणं वेगळं आणि महिनाभर काढा पिणं वेगळं.

केस काळे करणारी म्हणून जी मुळी दाखवतात ती 'हो शौ वू'. हो नावाच्या म्हाताऱ्याचे केस पुन्हा काळे झाले, अशी तिची दंतकथा. दंतकथेच्या जोडीला यकृताला इजा झाल्याची बरीच प्रकरणंही तिच्या नावावर जमा आहेत. ती घेऊच नका, असं मी स्पष्टच सांगेन.

आणि कीडाजडी. हिमालयात पिठोरागढच्या वरच्या कुरणांत अळीच्या शरीरात वाढणारी ही बुरशी, कॉर्डिसेप्स. सोन्याच्या भावाने विकली जाते म्हणून ओरबाडली गेली आणि २०२० मध्ये आययूसीएनने तिला धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत टाकलं. चीनच्याच औषध नियामकाने २०१६ मध्ये कीडाजडीच्या तपासलेल्या नमुन्यांत आर्सेनिक किलोमागे ४.४ ते ९.९ मिलिग्रॅम सापडल्याचं जाहीर केलं. तिथल्या आरोग्य-अन्नासाठीची मर्यादा होती १ मिलिग्रॅम. बाजारातल्या कॅप्सूलमध्ये बहुतेक वेळा ती नसतेच म्हणा, प्रयोगशाळेत वाढवलेली दुसरीच जात असते.

नावांच्या गोंधळावरून एक जुनं प्रकरण आठवतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी मुळीच्या जागी मिळत्याजुळत्या नावाची दुसरी मुळी गेली. 'फांग जी' म्हणून दोन्ही ओळखल्या जातात. दुसरी निघाली अ‍ॅरिस्टोलोकियाची. शंभरावर बायकांची मूत्रपिंडं खराब झाली, काहींना पुढे कर्करोगही झाला. मुळी भेसळीची नव्हती, नाव सारखं होतं एवढंच.

तसाच घोळ आपल्याकडे अश्वगंधेला 'इंडियन जिनसेंग' म्हटल्याने होतो. दोघींचं नातं शून्य. अश्वगंधा वांग्या-टोमॅटोच्या कुळातली. गंमत म्हणजे गोजीसुद्धा त्याच कुळातली, म्हणून अश्वगंधेला नातेवाईक हवाच असेल तर तो गोजी. अश्वगंधेनेही काही लोकांच्या यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना तिची पानं वापरू नका, मूळच वापरा असं बजावलं, तर डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. बंदी जरा टोकाची वाटते. पण थायरॉइडची गोळी चालू असेल, यकृताचा त्रास असेल किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना न विचारता ती घेऊ नये.

कायद्याचंही थोडक्यात. अ‍ॅक्युपंक्चरला महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने मान्यता आहे, पण चिनी जडीबुटीची औषधपद्धती आपल्या आयुषमध्ये नाही. त्यामुळे ही उत्पादनं बहुतेक वेळा अन्न-पूरक म्हणून विकली जातात. अशा डब्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक आणि 'औषधी वापरासाठी नाही' या अर्थाची इंग्रजी ओळ असावी लागते. पुढे ही ओळ आणि मागे 'सांधेदुखी, मधुमेह, वंध्यत्वावर गुणकारी' असं छापलेलं असेल तर डबा परत ठेवा. तासाभरात 'जोश' देणाऱ्या पुड्यांपासून तर लांबच राहा. अशा मालात सिल्डेनाफिलसारखं औषध मिसळलेलं वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा सापडलं आहे. हृदयरोग्याने नायट्रेटच्या गोळीसोबत ते घेतलं तर जिवावर बेतू शकतं.

मुळात थकवा का आहे, हे रील विचारत नाही. सकाळची पनवेल लोकल, संध्याकाळी उभ्याने परत, रात्री एक वाजेपर्यंत मोबाइल, याला जिनसेंग काय करणार? पण सगळंच धावपळीवर ढकलू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. चढताना धाप लागते, केस गळतात, दिवसभर मरगळ असते, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. बी-१२ ची कमतरता जगातल्या कुठल्याही बोरांनी भरून निघत नाही. आणि अळिवाची खीर लोहासाठी खात असाल तर त्यावर लगेच चहा पिऊ नका, लोह नीट शोषलं जात नाही.

एवढं वाचूनही तो कप करून बघायचाच असेल तर कपाऐवजी वाटी घ्या. चिनी लोक तांदळाची पातळ पेज करतात, तिला 'जौ' म्हणतात. अर्धी वाटी जुना तांदूळ, सात-आठ वाट्या पाणी, पाच-सहा सुकी बोरं चिरून आणि बिया काढून, आल्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. मंद आचेवर पाऊण तास, तांदूळ विरघळेपर्यंत. मूठभर मखाणे शेवटच्या दहा मिनिटांत घाला. बोरं नसतील तर दोन खारका भिजवून घाला, वैद्य नाराज होईल पण चवीत फार बिघडत नाही. मधुमेह असेल तर बोरं-खारीक वगळून मीठ-जिऱ्याची करा. ही झाली आपली पेजच.