शहरात मुक्कामाला कावळे

डिसेंबरात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या बोथेलमध्ये दुपारी सव्वाचार-साडेचारलाच दिवस मावळतो. त्याच सुमाराला तिथल्या विद्यापीठाच्या आवारावर चारी दिशांनी कावळे येऊ लागतात. ते आधी मैदानावर आणि इमारतींच्या छपरांवर उतरतात. एकमेकांना हुसकतात, जागा बदलतात, कलकलाट करतात. पुरता अंधार झाला की सगळा जमाव शेजारच्या पाणथळीतल्या वाळुंजाच्या झाडांत शिरतो. ऐन हिवाळ्यात हा आकडा 16 हजारांच्या घरात जातो.

ही पाणथळ मुळात गुरं चारायची जागा होती. विद्यापीठ उभं राहताना ओढ्याला त्याचं जुनं वळण परत मिळालं, देशी झाडं लावली गेली. झाडं वाढल्यावर, 2009च्या सुमारास, कावळ्यांनी तिथे रातथारा केला.

अमेरिकन कावळा आपल्या डोमकावळ्यासारखा सगळा काळा असतो. विणीच्या दिवसांत तो कुटुंबासह स्वतःच्या हद्दीत राहतो, परक्याला तिथे फिरकू देत नाही. हिवाळ्यात मात्र तोच कावळा रात्रीपुरता हजारोंत जाऊन बसतो. उत्तरेकडून, कॅनडातून थंडीमुळे खाली आलेले कावळेही त्यात मिसळतात.

एवढी गर्दी कशासाठी? मोठ्या शिंगळ्या घुबडाची भीती हे एक कारण. ते कावळ्यांना रात्री झोपेत उचलतं. हजारांत बसलं तर आपल्यावर पाळी येण्याची शक्यता कमी, आणि कुणीतरी जागं असतंच. दुसरं कारण अन्नाशी जोडलं जातं. 1973मध्ये वॉर्ड आणि झहावी या अभ्यासकांनी मांडलं की, आदल्या दिवशी उपाशी राहिलेला पक्षी सकाळी पोट भरलेल्यांच्या मागे उडून खाण्याची जागा गाठत असावा. यावर वाद अजून चालू आहे.

शहर त्यांना का आवडतं, याचं उत्तर जास्त सोपं आहे. तिथे रात्री ऊब असते, उंच जुनी झाडं असतात, रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात घुबड दिसतं, आणि शहराच्या हद्दीत सहसा बंदूक चालवता येत नाही. हा शेवटचा मुद्दा हलका नाही. 1940मध्ये इलिनॉय राज्यात रॉकफर्डजवळच्या रातथाऱ्यावर सुरुंग लावून लाखो कावळे मारण्यात आले होते. 1972मध्ये कावळ्याला स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षण कायद्यात जागा मिळाली. शिकारीचा हंगाम त्यानंतरही राहिला, पण सुरुंगाचे दिवस संपले.

तरीही खाली राहणाऱ्यांचा त्रास खरा आहे. सकाळी गाड्या, बाकं, पदपथ विष्ठेने पांढरे झालेले असतात, आणि ते धुणाऱ्या माणसाचं कंबरडं मोडतं. अमेरिकेतल्याच पोर्टलंड शहराच्या मध्यवस्तीत त्यावर वेगळा उपाय झाला. प्रशिक्षित हॅरिस ससाणे घेऊन माणसं हिवाळ्यात रात्रीच्या फेऱ्या मारू लागली. ससाणा झाडात शिरला की कावळे उठतात. कुणाला इजा करायची नसते, फक्त दुकानांपुढची झाडं रिकामी करायची असतात. उठलेले कावळे बरेचदा नदीकाठच्या उद्यानात जाऊन बसतात. तिथे मोठी झाडं आहेत, खाली गवत आहे, आणि रात्री माणसांची वर्दळही कमी असते. म्हणजे कावळे शहरातच राहतात, रात्रीची जागा तेवढी बदलते. अशी जागा आधीच राखून ठेवणाऱ्या शहराला त्यांच्याशी भांडावं लागत नाही. बोथेलच्या वाळुंजांखाली ना पदपथ आहे, ना गाड्यांचा तळ.