फुप्फुस-तंतुमयतेच्या रुग्णांमधील वजनघट व आहार : विदर्भाच्या संदर्भात

प्रस्तावना

फुप्फुसातील लवचिक ऊतींची जागा हळूहळू चिवट, व्रणासारख्या तंतूंनी व्यापली जाणे म्हणजे फुप्फुस-तंतुमयता होय. धाप व कोरडा खोकला ही या विकाराची लक्षणे परिचित आहेत. घटणारे वजन मात्र 'आजारपणात असे व्हायचेच' या समजुतीने दुर्लक्षिले जाते. वस्तुतः वर्षभरात 5 टक्के वा अधिक वजन गमावणाऱ्या रुग्णांचे आयुर्मान तुलनेने कमी असल्याचे अभ्यासांतून दिसून आले आहे. 50 किलो वजनाच्या व्यक्तीत ही घट अवघी अडीच किलोची असते.

नागपूर परिसराला हा विषय परका नाही. उमरेड, सावनेर, वणी, चंद्रपूर येथील कोळसा खाणी व मनसरची मँगनीज खाण यांमुळे खाणकामगारांचा मोठा वर्ग येथे आहे आणि खाणीतील धूळ हे फुप्फुसे तंतुमय होण्याचे जुने, ज्ञात कारण आहे. क्षयरोग बरा झाल्यावर उरणारे व्रण हे दुसरे कारण. तिसरे कारण नागपूरकरांच्या खिडकीतच आहे. भारतातील 1084 रुग्णांच्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदवहीत सुमारे 47 टक्के रुग्णांना अतिसंवेदनशीलताजन्य फुप्फुसदाह होता व त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा एअर कूलरशी संपर्क आला होता. संपर्क म्हणजे सिद्ध कारण नव्हे; तथापि, बुरशी धरलेल्या ताट्या वर्षानुवर्षे न बदलणाऱ्यांनी ही आकडेवारी अवश्य लक्षात घ्यावी.

वजन का घटते?

ताठर झालेले फुप्फुस फुगविण्यासाठी श्वसनस्नायूंना अधिक श्रम करावे लागतात. म्हणजे स्वस्थ बसलेल्या रुग्णाचाही ऊर्जाव्यय वाढलेला असतो. दुसरीकडे आहार घटतो. घास गिळताना श्वास क्षणभर रोखला जातो, त्यामुळे जेवतानाच धाप लागते आणि भरलेले जठर श्वासपटलावर दाब देते. रुग्ण अर्ध्या भाकरीवर हात धुतो, तो अन्न नावडते म्हणून नव्हे. उपचारांचाही यात वाटा आहे. निन्टेडॅनिबने अतिसार व पिरफेनिडोनने मळमळ होऊ शकते. स्टेरॉइडमुळे भूक वाढते, पण स्नायू झिजतात व मेद साठतो. परिणामी वजनकाटा स्थिर असूनही शरीर खंगत असते. म्हणून केवळ वजन पाहणे पुरेसे नाही, दंडाचा घेर व हाताची पकडही पाहावी, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

आहाराचे गणित

दीर्घकालीन आजारात दर किलो वजनामागे दररोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने सुचविली जातात. 50 किलोसाठी किमान 60 ग्रॅम. 200 ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून सुमारे 20 व 60 ग्रॅम डाळीच्या वरणातून सुमारे 13 ग्रॅम प्रथिने मिळतात. उरलेली तूट मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाणे, दोन अंडी व पाव लिटर दूध यांतून जवळपास भरून निघते. हे सारे दोन जेवणांत कोंबण्याऐवजी पाच-सहा लहान वेळांत विभागावे. पातळ वरणाऐवजी घट्ट वरण, त्यावर तूप. पाणी जेवणासोबत नव्हे, मधल्या वेळी. तंतुमयतेच्या रुग्णांत आम्लपित्ताचा त्रास वारंवार आढळतो, तेव्हा सावजी रस्सा बेताने घ्यावा व जेवून लगेच आडवे होऊ नये. निन्टेडॅनिब व पिरफेनिडोन ही औषधे अन्नासोबतच घ्यावयाची असल्याने सकाळचा नाश्ता टाळणे दुहेरी नुकसानीचे ठरते. मूत्रपिंडाचा विकार वा मधुमेह असल्यास हे प्रमाण वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावे.

येथे धोरणातील एक उणीव नमूद करणे आवश्यक वाटते. 2018 मध्ये सुरू झालेल्या निक्षय पोषण योजनेतील दरमहा 500 रुपयांचे साहाय्य नोव्हेंबर 2024 पासून 1000 रुपये झाले. झारखंडमधील, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेशन्स प्रयोगात अन्नसाहाय्यामुळे रुग्णांच्या कुटुंबीयांतील नवे क्षयरोगी लक्षणीयरीत्या कमी झाले. अन्नाचे मोल यातून स्पष्ट होते. परंतु हे साहाय्य क्षयरोगाच्या उपचारकाळापुरतेच आहे. उपचार संपल्यावर ते थांबते. व्रणग्रस्त फुप्फुसाची वाढीव ऊर्जेची मागणी मात्र त्यानंतरही चालूच राहते.