स्टेडियमशेजारचा प्लॉट

क्रीडासंकुल मंजूर झाल्याची कुजबुज तालुक्यात सुरू झाली, की सगळ्यांत आधी धावत सुटतात ते प्लॉटवाले. खेळाडूंची पाळी फार नंतर येते, कधी कधी येतही नाही. २००१ च्या क्रीडा धोरणानंतर विभाग, जिल्हा आणि तालुका अशा तिन्ही पातळ्यांवर संकुले उभारण्याचे काम राज्य सरकारने हाती घेतले, तेव्हापासून हा एक वेगळाच खेळ गावोगाव रंगू लागला. गाव माजलगाव तालुक्यातले दिंद्रुड असो की आष्टीकडचे एखादे खेडे, नकाशाची सुरळी काखेत मारून येणारा गृहस्थ सगळीकडे सारखाच असतो. ज्याच्याकडे रान आहे त्याला तो विकायला सांगतो आणि ज्याच्याकडे मुलीच्या लग्नासाठी साठवलेले चार पैसे आहेत त्याला घ्यायला. कारण एकच, शेजारी स्टेडियम होणार!

इसार देण्याआधी आपल्याच राज्यातली चार स्टेडियमे जरा बाहेरून पाहून यायला हवीत. बाहेरून म्हणजे कुंपणाच्या पलीकडून, जिथे माणसे राहतात तिथून.

सगळ्यांत मोठा दाखला बालेवाडीचा दिला जातो. जानेवारी १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्याच्या वेशीबाहेर, म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवारात श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभे राहिले. त्या काळच्या पुणेकराला बालेवाडी म्हणजे परगावच. आज त्याच भागात उंच इमारतींची रांग आहे, 'हाय स्ट्रीट' नावाची चकचकीत गल्ली आहे आणि दोन खोल्यांच्या घरासाठी नोकरदार माणूस वीस वर्षांचे कर्ज अंगावर घेतो. हे सारे स्टेडियमने केले, असे मानायचा मोह कुणालाही होईल. दलाल तर हेच सांगतो.

पण तारखा लावून पाहिल्या की गोष्ट वेगळी दिसते. बालेवाडी पुणे महापालिकेत आली १९९७ साली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस शेजारच्या हिंजवडीत औद्योगिक विकास महामंडळाने संगणक कंपन्यांसाठी वसाहत उभारायला घेतली. पुढच्या दशकात कात्रज-देहूरोड बाह्यवळणाचा महामार्ग रुंद झाला. हजारो तरुण मुले-मुली हिंजवडीत नोकरीला लागली आणि त्यांना कचेरीजवळ घर हवे झाले. आता हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोची आखणीही याच भागातून झाली आहे. म्हणजे घराला गिऱ्हाईक मिळवून दिले ते नोकरीने आणि रस्त्याने. स्टेडियमने दिले ते नाव. आधी जो पत्ता सांगून रिक्षावाल्याला कळत नसे, तो सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी बसला. नावाला किंमत नसते असे नाही, पण नुसत्या नावावर कुणी कर्ज काढत नाही.

त्याच संकुलाला लागून असलेले म्हाळुंगे पाहा. क्रीडासंकुलाच्या नावात ते पहिले, पण महापालिकेत यायला त्याला २०२१ साल उजाडले. मधली चोवीस वर्षे शेजारी आंतरराष्ट्रीय दर्जाचे मैदान आणि घरी ग्रामपंचायतीचा नळ, अशी अवस्था. बालेवाडीतही सगळे आलबेल होते असे नव्हे. लाखो रुपये मोजून घेतलेल्या घरांना टँकरचे पाणी, ही तिथल्या सोसायट्यांची जुनी तक्रार. २०१६ साली पाण्याच्या प्रश्नावरून इथल्या नव्या बांधकामांचा वाद थेट मुंबई उच्च न्यायालयात गेला.

त्याच २०१६ च्या उन्हाळ्यात आपल्याकडे काय चालले होते ते मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, पाच लाख लिटर घेऊन. दुसऱ्याच दिवशी उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. (१ मेचा पुण्यातला एक सामना तेवढा सवलतीने झाला.) खेळपट्टीवर पाणी मारायचे की हंडे भरायचे, हा प्रश्न त्या वेळी सगळ्या देशाने ऐकला. काहींनी तेव्हा हसून विचारले, की चार सामने हलवून दुष्काळ हटतो का? हटत नाही, हे खरेच. पण हिरवळ राखायला रोज पाणी लागते आणि ते कुठल्या तरी विहिरीतून किंवा नळातून येते. आपल्याकडच्या कोरडवाहू शिवारात मैदान आखताना हा हिशेब पहिल्या पानावर हवा. बोअर संकुलाच्या कुंपणात घेतली, म्हणून पाणी कुंपणातलेच उपसले जाते असे नाही. शेजारच्या विहिरीला ते लगेच कळते.

आता गहुंजे. मावळातल्या या गावी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत, महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे स्टेडियम एप्रिल २०१२ मध्ये सुरू झाले. देखणे आहे यात वाद नाही. आधी त्याला प्रायोजकाचे नाव होते, पैशांच्या वादात पुढच्याच वर्षी ते उतरले. शेजारी बड्या बिल्डरची वसाहत उभी राहिली. पण सामना असतो वर्षातले मोजके दिवस, आणि त्या दिवशी गाड्यांच्या रांगा लागतात. उरलेल्या दिवसांत दिव्यांचे ते उंच मनोरे नुसते उभे असतात. गावातल्या पोराला आत जाऊन चेंडू मारता येईल, अशी ती जागा नव्हे.

नागपूरकरांचा अनुभव याच्या उलट दिशेने आलेला. शहराच्या मध्यावर, सिव्हिल लाइन्समध्ये त्यांचे जुने मैदान होते, सायकलवरून सामन्याला जाता येई. २००८ साली वर्धा रस्त्यावर, शहरापासून कोसभर नव्हे तर चांगले सतरा-अठरा किलोमीटर लांब, जामठ्याचे नवे स्टेडियम आले. सौरव गांगुलीची शेवटची कसोटी तिथली पहिली. गर्दीचा त्रास शहरातून गेला, पण त्याबरोबर मैदानाभोवतीचा राबताही गेला. शहरात मैदान असले, की चहावाल्यापासून बॅटी दुरुस्त करणाऱ्यापर्यंत अनेकांची चूल त्यावर पेटते. माळावरच्या स्टेडियमला असला संसार जमवायला वर्षे लागतात.

मुंबईचे वानखेडे तर तिकिटांच्या भांडणातून जन्मले. ब्रेबॉर्नवाल्या क्लबशी पटेना, म्हणून मुंबई क्रिकेट संघटनेने हाकेच्या अंतरावर दुसरे स्टेडियम बांधले आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी झाली. त्या परिसरातल्या घरांच्या किमती ऐकून आपल्याला घेरी येईल, पण तो भाव समुद्राचा आहे. ४ जुलै २०२४ च्या संध्याकाळी टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून आलेल्या संघाची मिरवणूक निघाली, तेव्हा मरीन ड्राइव्हवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. चित्रवाणीवर ते दृश्य सुरेख दिसले. त्या रात्री तिथल्या एखाद्या म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायची वेळ आली असती तर, हा विचार मात्र शेजारी राहणाऱ्यालाच सुचतो.

परदेशातल्या अर्थतज्ज्ञांनी यावर पुष्कळ लिहिले आहे. सरकारी पैशातून बांधलेल्या स्टेडियमने शहराची भरभराट होते, हे अमेरिकेतल्या बहुतेक अभ्यासकांना पटलेले नाही. उलट लंडनमध्ये आर्सेनलचे २००६ चे आणि वेम्बलीचे २००७ चे नवे स्टेडियम यांच्या आसपास घरांचे भाव वाढल्याचे एका अभ्यासात दिसले. पण तिथे भुयारी रेल्वे आधीपासून दाराशी होती. गाडी, नळ आणि गटार यांची सोय झालेल्या वस्तीत स्टेडियम येणे वेगळे, आणि या तिन्ही गोष्टी स्टेडियमच्या मागोमाग येतील या आशेवर प्लॉट घेणे वेगळे.

ज्याचे रान संकुलात जाते त्याचे काय, हे कुणी विचारत नाही. १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्यात पहिली अधिसूचना निघाली त्या दिवसाचा बाजारभाव धरत. पुढे भाव कितीही चढला तरी तो बांधापलीकडच्या भाऊबंदाचा. एकाच भावकीतल्या दोन घरांपैकी एक गाडीत बसते आणि दुसरे त्याच गाडीच्या धुराकडे पाहते, याचे मूळ पुष्कळदा एवढ्यातच असते. २०१३ च्या नव्या कायद्याने ग्रामीण भागात मोबदला बराच वाढवला. पण तालुक्याची संकुले बहुधा सरकारी जागेवर होतात. ती जागा गायरान असली तर सातबाऱ्यावर नाव नसलेल्या, त्यावर शेळ्या चारणाऱ्या माणसाला मोबदला मिळण्याचा प्रश्नच येत नाही.

या सगळ्यात मला आवडते ते दादरचे शिवाजी पार्क. ते स्टेडियम नाहीच. १९२५ साली खुले झालेले, अठ्ठावीस एकरांच्या आसपासचे मोकळे मैदान. भोवती भिंत नाही, बसता येईल एवढ्या उंचीचा कट्टा आहे, एक किलोमीटरहून लांब. त्यावर सकाळी पेन्शनर, दुपारी कॉलेजची मुले आणि संध्याकाळी सगळेच. भोवतीच्या जुन्या घरांना आज जो भाव आहे, त्यात या मोकळ्या हवेचा वाटा मोठा आहे. सभांच्या भोंग्यांना कंटाळून रहिवासी न्यायालयात गेले आणि २०१० साली तो भाग शांतता क्षेत्र ठरला. म्हणजे शेजाऱ्यांना मैदान हवे आहे, गोंगाट नको.

आपल्या जिल्ह्यातला सगळ्यांत मोठा धावपटू आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. अविनाश साबळे शाळेसाठी रोज सहा किलोमीटर जात असे, कधी चालत, कधी पळत. पुढे फौजेत गेला आणि तिथे खऱ्या अर्थाने शर्यतीत उतरला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये मिळवले. त्याच्यासारख्या पोरांना चार वर्षे आधी चांगली धावपट्टी मिळावी, एवढ्यासाठी तालुक्यात संकुल हवेच. ते होऊ नये असे कोण म्हणेल?

तेव्हा दिंद्रुडच्या शिवारात उद्या नकाशाची सुरळी आलीच, तर ग्रामसभेत चार गोष्टी विचारून त्या ठरावात लिहून घ्याव्यात. पाणी कुठून आणणार? रस्ता डांबरी होणार का, आणि तो वस्तीला जोडून की बगल देऊन? सामन्याच्या दिवशी गाड्या कुठे उभ्या राहणार? आणि संकुलाच्या फाटकाची किल्ली कुणाकडे राहील, पहाटे पाच वाजता ते उघडायला कोण येईल? प्लॉट घेणाऱ्याने सातबारा आणि बिगरशेतीचा आदेश पाहावाच, पण आपल्या भागातले एखादे झालेले संकुल रविवारी सकाळी सहाला जाऊन पाहून यावे. फाटकाला कुलूप असेल आणि आत गवत वाढले असेल, तर इसाराचे पैसे तूर्त घरीच राहू द्यावेत.