तीस अग्निबाणांचे विमान

दिवाळीत बाटलीत बाण उभा करून वात पेटवण्याची मौज आपण सर्वांनीच लुटली आहे. पण कुणी एका थोरल्या मालवाहू विमानालाच असे तीस बाण बांधले तर? ही कल्पना एखाद्या खोडकर पोराची नव्हे. १९८० साली अमेरिकन सेनाधिकाऱ्यांनी आणि लॉकहीड कंपनीच्या इंजिनियरांनी ती खरोखरीच अंमलात आणली.

त्यामागची निकडही तशीच होती. ४ नोव्हेंबर १९७९ रोजी तेहरानमधील अमेरिकन वकिलातीचा विद्यार्थ्यांच्या जमावाने कबजा घेतला आणि ५२ माणसे महिनोन् महिने ओलीस राहिली. एप्रिल १९८० मध्ये त्यांना सोडवायला हेलिकॉप्टरे धाडली, तर काही वाटेतच नादुरुस्त झाली. परत फिरताना एक हेलिकॉप्टर वाळवंटात उभ्या असलेल्या विमानावर आदळले आणि आठ जवान प्राणांस मुकले. तेव्हा नवी तोड निघाली. हर्क्युलस जातीचे विमान थेट वकिलातीसमोरच्या अमजदिया फुटबॉल मैदानात उतरवायचे, माणसे भरायची आणि तिथूनच उडायचे!

हे विमान म्हणजे काय चीज आहे ते सांगतो. चार पंख्यांची इंजिने, या पंखाच्या टोकापासून त्या टोकापर्यंत १३२ फूट. (आपल्या हवाई दलातही या घराण्याची विमाने २०११ पासून आहेत.) पुरते भरलेले हर्क्युलस उडवायचे तर सुमारे किलोमीटरभर धावावे लागते. मैदान जेमतेम शंभर मीटरचे, आणि भोवती प्रेक्षकांच्या पायऱ्या!

म्हणून अग्निबाण. पुढे तोंड केलेले आठ, धावते विमान थोपवायला. खाली तोंड केलेले आठ, ते धाडकन आदळू नये म्हणून. मागे तोंड केलेले आठ, उड्डाणाच्या वेळी ढकलायला. पंखांशी चार, विमान बाजूला भरकटू नये यासाठी. आणि शेपटीशी दोन, नाक फार उचलून शेपूट जमिनीला घासू नये यासाठी. नवे बाण घडवायला सवड कुठली? पाणबुड्या, विमाने, रडार यांच्यावर सोडायच्या क्षेपणास्त्रांचीच इंजिने काढून बसवली.

२९ ऑक्टोबर १९८० रोजी फ्लोरिडात चाचणी झाली. तिची चित्रफीत मी पाहिली आहे, आणि खरे सांगतो, श्वास रोखला जातो. विमान दहा फूट सरकते न सरकते तोच नाक वर, आणि दीडशे फुटांच्या आत स्वारी अधांतरी!

चढणे साधले, उतरणे बाकी होते. बाण पेटवण्याचे काम खरे तर गणकयंत्राचे. पण त्याची जुळणी अजून पक्की नाही असे वाटून ते काम माणसाने हाताने करायचे ठरले. थोपवणाऱ्या बाणांपैकी वरचे हवेत असताना आणि खालचे चाके टेकल्यावर पेटवायचे होते. वरचे पेटले मात्र, त्या झगझगाटाने फ्लाइट इंजिनियरचे डोळे दिपले. विमान टेकले असे समजून त्याने खालचेही पेटवले! चाके तेव्हा जमिनीपासून वीसेक फूट वर. विमान हवेतच थबकले. पडणे सावरणारे बाण पेटलेच नाहीत. धोंडा पडावा तसे ते खाली आले, उजवा पंख मोडला, आग लागली. अग्निशामक दळ इतके तत्पर, की विमान थांबल्यावर काही सेकंदांत आग विझली आणि सर्व माणसे सुखरूप बाहेर आली.

त्या माणसाला दोष देणे मला पटत नाही. ज्या कामाला यंत्रही अजून तयार नव्हते, ते निमिषार्धात, धूर आणि ज्वाळांत, त्याने डोळ्यांनी करायचे होते. दुसरे असे, की एप्रिलनंतर ओलिसांना ठिकठिकाणी पांगवले होते. तेव्हा वकिलातीसमोर उतरून किती जण हाती लागले असते, देव जाणे.

४ नोव्हेंबरला कार्टर निवडणूक हरले. दुसरे तसेच सजवलेले विमान पुढल्या प्रयोगांना उपयोगी पडले, पण तेहरानच्या मैदानात कुणी उतरले नाही. अल्जीरियाने मध्यस्थी केली, वाटाघाटी जुळल्या आणि २० जानेवारी १९८१ रोजी, ४४४ व्या दिवशी, ते ५२ जण तेहरानच्या मेहराबाद विमानतळावरील लांबलचक धावपट्टीवरून, अल्जीरियाच्या साध्या प्रवासी विमानात बसून निघाले.