आधी खुराडे, मग कोंबडी

घराला लागून थोडी मोकळी जागा आहे, स्वयंपाकघरातले उरलेसुरले अन्न वाया जाते आणि घरातल्या भगिनींना हाताशी थोडे उत्पन्न हवे आहे, अशा घरांत पाच-दहा कोंबड्या पाळण्याचा विचार हमखास निघतो. कोकणातल्या गावांत आणि मराठवाड्यातल्या कसब्यांत आपल्या घरांना ही गोष्ट नवीन नाही. पण यंत्रमाग, वेल्डिंग, फर्निचर, बेकरी अशा कामांत रमलेली मंडळी एका पिढीनंतर पुन्हा कोंबड्या आणू पाहतात, तेव्हा क्रम उलटा होतो. बाजाराच्या दिवशी कोंबड्या येतात, रात्री पडवीत डालग्याखाली झाकल्या जातात आणि खुराड्याचे काम पुढच्या जुम्याच्या सुटीवर टाकले जाते. तो जुमा उजाडण्याआधी मुंगूस किंवा बोका येऊन जातो.

हा तोटा केवळ कोंबडीच्या किमतीचा नसतो. गावठी तलंग अंड्यावर यायला साधारण सहा महिने लागतात. म्हणजे एका रात्रीत गेलेल्या चार तलंगांबरोबर सहा महिन्यांचे दाणे आणि मेहनत जाते. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, गिरिराज किंवा वनराजासारख्या सुधारित जाती त्याहून बऱ्याच अधिक देतात. पण कोणतीही जात असली तरी अंडी मोजायची ती सकाळी जिवंत राहिलेल्या कोंबडीची. म्हणून आमचा सल्ला असा, की ज्याच्याजवळ दहा कोंबड्यांचे पैसे आहेत त्याने आरंभी चारच घ्याव्यात आणि बाकीची रक्कम जाळी, दार आणि कडी यांवर घालावी. कोंबड्या नंतर वाढवता येतात. अंडी उबवायला एकवीस दिवस पुरतात.

शत्रू कोण, हे आधी समजून घ्यावे. दिवसा घार, शिक्रा आणि कावळा यांची नजर पिलांवर असते. मुंगूसही दिवसाच फिरते, विशेषतः सकाळी आणि दिवस कलताना. रात्री बोका, रानमांजर, उदमांजर, कोल्हा आणि मोकाट कुत्री येतात. घूस आणि उंदीर पिले व अंडी पळवतात, साप अंडे कवचासकट गिळतो. झालेल्या नुकसानीवरून चोर बराचसा ओळखता येतो. कोंबडी जागेवरून नाहीशी आणि अंगणात पिसांची ओळ पडलेली, तर कोल्ह्याचा किंवा कुत्र्याचा संशय घ्यावा. अनेक कोंबड्या मान चावून तिथेच टाकलेल्या दिसल्या, तर मुंगूस किंवा उदमांजर अरुंद फटीतून आत शिरले होते असे समजावे. अंडी गेली आणि कवचाचा तुकडाही नाही, तर साप.

यांपैकी कोणालाही मारण्याच्या किंवा विष घालण्याच्या भानगडीत पडू नये. मुंगूस, रानमांजर, उदमांजर, कोल्हा यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. शिवाय विष खाऊन मेलेला उंदीर सकाळी आपलीच कोंबडी टोचते. बंदोबस्त करायचा तो घराचा.

आता त्या घराविषयी. दहा कोंबड्यांना रात्रीच्या मुक्कामासाठी पाच फूट लांब आणि चार फूट रुंद खुराडे पुरते, मात्र दिवसा त्या बाहेर हिंडणाऱ्या असाव्यात. दिवसभर कोंडूनच ठेवायच्या असतील तर शेजारी जाळीचे अंगण द्यावे लागते आणि खर्च दुपटीवर जातो. लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे लांब बाजूवर ऊन थेट पडत नाही. कोकणात पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, तेव्हा त्या बाजूची भिंत पूर्ण बंद असावी आणि दार पूर्वेला यावे. मराठवाडा-विदर्भात उन्हाळा हाच मोठा वैरी. तिथे झाडाची सावली शोधावी, पत्र्यावर कडबा, पाचट किंवा गोणपाट टाकावे आणि दुपारी ते ओले करावे. जिथे कौले मिळतात तिथे पत्र्याच्या मोहात पडू नये.

जमिनीवरचे खुराडे असेल तर तळाला कोबा किंवा फरशी हवी. कोकणात जांभ्याचे चिरे चांगले बसतात. नुसत्या मातीवर उभे केलेले खुराडे घूस एका आठवड्यात आतून पोखरते. कोबा जमत नसेल तर जाळी भिंतीखाली फूटभर खोल गाडावी, किंवा भिंतीच्या पायथ्यापासून बाहेरच्या बाजूला दीड-दोन फूट आडवी पसरून वर माती-दगड टाकावेत. उकरणारे जनावर भिंतीलगतच उकरू लागते, जाळी लागली की मागे सरून उकरण्याची अक्कल सहसा त्याला नसते. तिसरा मार्ग म्हणजे दोन फूट उंच पायांवरचे खुराडे. त्याच्या प्रत्येक पायाला पत्र्याचा शंकू उलटा बसवला तर उंदीर चढत नाही आणि पाय पाण्याच्या वाट्यांत उभे केले तर मुंग्या लागत नाहीत. मुंग्यांना क्षुल्लक समजू नये. अंड्यातून बाहेर पडणाऱ्या ओल्या पिलाचा त्या जीव घेतात.

जाळीच्या बाबतीत सर्वात जास्त फसगत होते. बाजारात कोंबडजाळी म्हणून जी षटकोनी, पातळ तारेची जाळी मिळते ती कोंबडीला आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रे ती दातांनी ओढून फाडते आणि तिच्या भोकांतून उंदीर व लहान साप सहज जातात. खुराड्याच्या खालच्या दोन फुटांना तरी अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळीच लावावी. वर कोंबडजाळी चालेल, पण तीही चुकांनी न ठोकता लाकडी पट्टीखाली दाबून बसवावी. ज्या फटीत दोन बोटे जातात ती फट बुजवायची, हे माप घरातल्या मुलालाही सांगून ठेवावे.

आपल्या सुतार आणि वेल्डर बांधवांना या कामात नवीन सामान घ्यावे लागत नाही. पॅकिंगच्या फळ्या, भंगारातले अँगल, जुने पत्रे, दुकानाच्या शटरच्या पट्ट्या सगळे उपयोगी पडते. पण दाराच्या बाबतीत भंगारावर भागवू नये. दार चौकटीत घट्ट बसले पाहिजे आणि कडी अशी हवी की पंजाने ढकलून सरकणार नाही. बोका साधी आडणी सहज उडवतो. कोयंड्यात कुलूप घालणे उत्तम, कारण दोन पायांचा चोरही असतोच. गटारी अमावास्या किंवा ३१ डिसेंबरच्या आसपास गावात कोंबड्या हरवतात तेव्हा दोष प्रत्येक वेळी कोल्ह्याचा नसतो. दोन-चार चांगली खुराडी बनवून गावात दिसली, की तशाच मागण्या येऊ लागतात. कारागिराने याकडे धंदा म्हणूनही पाहायला हरकत नाही.

खुराडे बंद म्हणजे हवाबंद नव्हे. कोंबडीच्या विष्ठेतून निघणारा उग्र वास डोळे आणि छाती बिघडवतो. छताखाली, कोंबड्या बसतात त्याच्या वरच्या उंचीवर, दोन्ही बाजूंना जाळी लावलेला सहा इंचांचा झरोका सोडावा. झोत अंगावर येऊ नये, पण वास वरून निघून जावा. सकाळी दार उघडून आपण डोके आत घालावे. डोळे चुरचुरले तर कोंबड्यांचे काय होत असेल याचा अंदाज येतो.

आत बसण्यासाठी दीड-दोन इंच जाडीची, कडा गोल केलेली लाकडी काठी आडवी बसवावी. प्रत्येक कोंबडीला आठ-नऊ इंच जागा पुरते. अंड्यांची खोकी फूट बाय फूट, चार-पाच कोंबड्यांना एक, थोड्या अंधाऱ्या कोपऱ्यात आणि बसण्याच्या काठीपेक्षा खाली ठेवावीत. खोकी वर असली तर कोंबड्या रात्री त्यांतच झोपतात आणि अंडी घाण होतात.

जमिनीवर भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा तीन-चार इंच पसरावा. सुतारकाम करणाऱ्यांच्या घरी हे फुकट असते, मात्र पॉलिश किंवा रसायन लागलेल्या लाकडाचा भुसा वापरू नये. गादी मधूनमधून हलवावी. मूठभर हातात दाबून पाहावे. गोळा होऊन मूठ उघडताच विस्कटला तर ठीक. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे, चुना मिसळून नवे तूस घालावे. पावसाळ्यात हे आठवड्याला नव्हे, दोन-तीन दिवसांनी पाहावे, कारण ओल्या गादीतून लहान पिलांना रक्ती हगवण लागते. लाकडाच्या सांध्यांत गोचीड आणि पिसवा लपतात, त्यांसाठी वर्षातून दोनदा चुन्याची सफेदी करावी. काढलेली गादी कुजवली की उत्तम खत होते.

दिवसाच्या रक्षणाला झाडोरा हाच मोठा आधार. उघड्या अंगणात घार सरळ झेप घेते. केळी, शेवगा, तुरीची रांग, नाहीतर झावळ्यांचा एखादा मांडव असला की कोंबडी त्याखाली पळते. सावध कोंबडा घार दिसताच ओरडून साऱ्या कळपाला लपवतो. अंड्यांपुरताच विचार असेल तर कोंबड्याची गरज नाही, पिले हवी असतील तर दहा माद्यांना एक पुरे. पिले पहिला महिनाभर डालग्याखाली किंवा झाकलेल्या पिंजऱ्यातच ठेवावीत. कावळ्यापासून दुसरा उपाय नाही.

रोगाविषयी थोडक्यात, पण आवर्जून. मानमोडी म्हणजे राणीखेत हा रोग घुसला तर सारा मोहल्ला रिकामा करतो आणि त्यावर औषध नाही, फक्त लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी ची टोचणी, हा नेहमीचा क्रम. अडचण अशी की लसीची कुपी शंभर किंवा अधिक पक्ष्यांची येते आणि बर्फात ठेवूनच आणावी लागते. म्हणून मोहल्ल्यातल्या आठ-दहा घरांनी एकच दिवस ठरवावा, पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून थर्मासमधून कुपी आणावी आणि तासा-दोन तासांत सगळ्यांच्या कोंबड्या उरकाव्यात. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला, तेव्हा त्या परिसरातल्या परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. अचानक एकामागून एक पक्षी मरू लागले तर ते विकू नयेत, खाऊ नयेत, उघड्यावर फेकू नयेत, दवाखान्यात कळवावे. बाजारातून आणलेली नवी कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावी.

यासाठी आणि आणखी एका कारणासाठी लहानसा वेगळा पिंजरा करून घ्यावा. गटारीत चोची मारणारी, घाण खाणारी कोंबडी जिबहच्या आधी तीन दिवस कोंडून स्वच्छ दाणापाणी देण्याची रीत आपल्या घरांत जुनी आहे आणि तिला फिकहचा आधार आहे. पिंजरा नसला की ही रीत फक्त बोलण्यात राहते.

शेजाऱ्याचा प्रश्न कोंबडी आणण्याआधी सोडवावा. त्याच्या मेथीच्या वाफ्यात आपली कोंबडी शिरली तर भांडण कोंबडीचे राहत नाही, आणि मिश्र वस्तीत तर मुळीच राहत नाही. शेजाऱ्याच्या हक्काविषयी दीनने किती ताकीद दिली आहे ते वाचकांना ठाऊक आहे. कुंपण आपण घालावे, खुराडे त्याच्या खिडकीपासून दूर ठेवावे, शहरात असाल तर नगरपालिकेचा नियम विचारावा. खुराड्याची जागा ठरवताना घरातल्या भगिनीला विचारणेही तितकेच गरजेचे. दार उघडणे-लावणे तिच्याकडे येते, अंड्यांचा पैसाही तिचाच असावा. तिला अंधारात चालत जावे लागेल अशा कोपऱ्यात बांधलेले खुराडे फार दिवस वेळेवर बंद होत नाही.

वेळेवर बंद होणे हाच साऱ्या बंदोबस्ताचा गाभा. रात्र पडू लागताच मुलांना घरात घ्यावे, दारे लावावीत ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण घरासाठी पाळतो, तीच खुराड्याला लावावी. कोंबडीला अंधारात दिसत नाही, ती मगरिबच्या आधीच आत जाऊ पाहते. अजान झाली की दार लागलेच पाहिजे, असा घरात नियम करावा. उघडणे मात्र फजरनंतर लगेच नको, चांगले उजाडू द्यावे. अंडी बहुधा दहा-अकरापर्यंत घातली जातात, तोवर आत ठेवल्यास ती खोक्यातच मिळतात.

नव्या कोंबड्या पहिले सात दिवस बाहेर सोडूच नयेत. आतच दाणा, पाणी, शिंपल्यांचा चुरा द्यावा, म्हणजे घर त्यांच्या डोक्यात बसते. आठव्या दिवशी दिवस मावळायला दोन तास असताना, थोड्या भुकेल्या असताना दार उघडावे आणि रोज एकच हाक मारून खुराड्यातच दाणे टाकावेत. त्या आपोआप परततात. दार लावण्याआधी मोजाव्यात. एखादी कमी भरली तर दिवा घेऊन लगेच शोधावी. पुष्कळदा ती शेजारच्या लाकडांच्या ढिगामागे, लपवून घातलेल्या डझनभर अंड्यांवर खुडूक होऊन बसलेली सापडते.